निळी ज्योत, पिवळी ज्योत

मेस कमिटीत नाव लागलं आणि पहिल्याच दिवशी दिसलं, पातेल्यांची बुडं काळीकुट्ट. मोठ्या बर्नरची ज्योत चक्क पिवळी! तेव्हा मला फर्स्ट इयरच्या केमिस्ट्री लॅबमधला रॉबर्ट बन्सेन आठवला.

१८११ मध्ये जर्मनीतल्या गॉटिंगेन गावी जन्म. तरुणपणी आर्सेनिकच्या संयुगांवर काम करताना स्फोट झाला आणि एका डोळ्याची दृष्टी कायमची गेली. विषबाधेने मरता मरता वाचला, पण गड्याने प्रयोगशाळा काही सोडली नाही. पुढे हायडेलबर्गच्या नव्या लॅबमध्ये गॅस आला. १८५५ च्या सुमारास त्याने विचार केला, गॅस पेटण्याआधीच त्यात हवा मिसळली तर? पीटर डेसागा या कारागिराने तसा बर्नर घडवला. बन्सेनने पेटंट घेतलं नाही. त्याच स्वच्छ ज्योतीच्या मदतीने किर्कहॉफबरोबर त्याने सीझियम आणि रुबिडियम शोधले. १८९९ मध्ये तो गेला.

आपल्या मेसचा बर्नर याच तत्त्वावर चालतो. पिवळी ज्योत म्हणजे बहुधा हवा कमी पडतेय. मग काजळी धरते, आणि कार्बन मोनॉक्साइडही तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. भाकरी करणाऱ्या मावशी तासन्‌तास तिथेच उभ्या असतात.

मेकॅनिक बोलावला. हवेची भोकं पिठाने आणि तेलाने बुजली होती. ती साफ झाली, तडकलेली रबरी नळी बदलली, ज्योत निळी झाली.

मित्रांनो, एका डोळ्याने बन्सेनने एवढं पाहिलं. ताट घेऊन रांगेत उभं राहताना आपण दोन डोळ्यांनी ज्योतीचा रंग तरी बघूया!