पडद्याआडच्या अशिलांची वकील : कॉर्नेलिया सोराबजी

नवरात्रात घरोघरी घट बसतात, आदिशक्तीचा जागर होतो. परंतु जिला स्वतःच्या नावचा कागदही वाचता येत नाही, त्या स्त्रीच्या दारी शक्तीने कोणत्या रूपाने यावे, हा प्रश्न प्रस्तुत लेखकापुढे गतवर्षी वाणगावी उभा राहिला. कीर्तन आटोपून आरतीचे तबक फिरत असता एका वृद्ध माउलीने पदराच्या गाठीतून घडी घातलेला कागद काढून पुढे ठेवला. जमिनीच्या कुठल्याशा व्यवहाराचा तो कागद. खाली तिचा अंगठा. बुवा संस्कृत जाणतात तेव्हा हेही वाचतील, असा तिचा भाबडा विश्वास. ज्याचे आयुष्य पोथ्यांची पाने उलटण्यात गेले, त्याला त्या एका पानाचा अर्थ धड लागेना. वकिलाकडे जाण्याचे सुचविताच ती गप्प झाली. परक्या पुरुषासमोर बसून घरचे सांगायचे कसे, हीच तिची अडचण होती. त्या रात्री आमच्याच नाशकात जन्मलेल्या एका विदुषीचे चरित्र राहून राहून आठवले.

कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म 15 नोव्हेंबर 1866 रोजी नाशिक येथे झाला. वडील रेव्हरंड सोराबजी खरशेटजी हे पारशी कुळातले. तरुणपणीच त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. आई फ्रान्सिना यांनी पुण्यास शाळा चालविली. घरात प्रार्थना आणि परोपकार ही एकाच व्रताची दोन अंगे मानली जात. लहानपणी आईकडे गाऱ्हाणे घेऊन आलेली एक धनिक गुजराती विधवा कॉर्नेलियाबाईंनी पाहिली. कारभाऱ्याने फसवून सही घेतली होती आणि त्या एका सहीने तिची मालमत्ता गेली होती. अशा स्त्रियांना मदत करावयाची तर कायदा शिकला पाहिजे, हा आईचा बोध मुलीने जन्मभर उरी जपला.

तो बोध आचरणात आणणे मात्र सोपे नव्हते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्या एकट्याच विद्यार्थिनी. मुंबई विद्यापीठाच्या त्या पहिल्या स्त्री पदवीधर ठरल्या आणि पदवीही पहिल्या वर्गात मिळविली. अशा गुणवंताला विलायतेस जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती मिळावयाची. पण ती स्त्रीला देता येत नाही, असे उत्तर आले. तेव्हा फ्लॉरेन्स नाइटिंगेल, लेडी हॉबहाऊस यांसारख्या सहृदय मंडळींनी निधी उभारला आणि 1889 मध्ये त्या ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल महाविद्यालयात दाखल झाल्या. 1892 मध्ये खास ठराव होऊन त्यांना कायद्याच्या परीक्षेस बसू दिले गेले. ती परीक्षा देणारी पहिली स्त्री त्या झाल्या. पदवी मात्र मिळाली नाही. ऑक्सफर्डने स्त्रियांसाठी पदवीचे दार 1920 मध्ये उघडले आणि बाईंच्या हाती ती 1922 मध्ये, म्हणजे तीस वर्षांनी आली.

मायदेशी परतल्यावर तोच अनुभव. 1896 मध्ये पुण्यास ब्रिटिश न्यायाधीशापुढे खुनाच्या आरोपीची बाजू त्यांनी मांडली; पण ती केवळ विशेष परवानगीने. 1897 मध्ये मुंबईची कायद्याची पदवी घेतली, 1899 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाची वकिलीची परीक्षा दिली. तरी सनद नाही. संस्थानी मुलखात तेवढा थोडा वाव मिळे. पंचमहालकडील एका संस्थानात तर त्यांचा अशील चक्क एक हत्ती होता! त्याच्या चाऱ्यासाठी लावून दिलेली आमराई पुढच्या राजाने काढून घेतली होती. राजाच्या कुत्र्याला बाई आवडल्या, एवढ्यावर राजाने निकाल हत्तीच्या बाजूने दिला. कीर्तनात सांगितले तर श्रोते हसतील. पण न्याय कुत्र्याच्या मर्जीवर टांगलेला पाहून बाईंना काय वाटले असेल?

वाचकहो, येथे एक मर्म ध्यानी घेण्याजोगे आहे. पडदानशीन स्त्रीला कचेरीत पाऊल टाकता येत नव्हते आणि वकील पुरुषाला तिच्या अंतःपुरात जाता येत नव्हते. जी जाऊ शकत होती, तिला न्यायालय उभे करीत नव्हते. अशील आणि वकील दोघीही एकाच बंद दाराबाहेर! कॉर्नेलियाबाईंनी 1902 पासून सरकारदरबारी अर्ज-विनंत्या चालविल्या. अखेर 1904 मध्ये कोर्ट ऑफ वॉर्ड्स या खात्यात त्यांची नेमणूक झाली. विधवा आणि अज्ञान वारस यांच्या जमीनदाऱ्या हे खाते सांभाळी. बंगाल, बिहार, ओरिसा आणि आसाम एवढा त्यांचा मुलूख.

वीस वर्षांत सुमारे सहाशे स्त्रिया आणि मुले यांचे काम त्यांनी पाहिले असे सांगतात. काहींचे तर मोबदल्यावाचून. रेल्वे, पालखी, होडी, प्रसंगी हत्ती, असा प्रवास करून साडी नेसलेल्या बाई वाड्यात जात आणि अशिलाच्या शेजारी बसत. कागद नंतर, आधी सुखदुःख. पोटगी, मुलांचे शिक्षण, आजारपण, जावाजावांचे वैर, सारे त्या ऐकून घेत. स्वतः निष्ठावंत ख्रिस्ती; परंतु कुणाचा धर्म पालटण्याचा उद्योग त्यांनी या कामात आणला नाही. कलकत्त्यास 1893 मध्ये महाकाली पाठशाळा स्थापन करणाऱ्या दाक्षिणात्य विदुषी माताजी तपस्विनी यांच्याशी त्यांचा स्नेह होता, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. लुटून रस्त्यात टाकलेल्या वाटसरूला उचलून नेणाऱ्या शोमरोनी माणसाचा दृष्टांत ख्रिस्ताने सांगितला, तो एका शास्त्रपंडिताच्या प्रश्नावर. शेजारी कोण, असे त्याने विचारले होते. कायद्याच्या पंडिताने उत्तर पायांनी द्यावयाचे असते, हेच बाईंच्या चरित्रातून दिसते.

चरित्र सांगताना उणे झाकू नये. स्वातंत्र्याच्या चळवळीला त्या अनुकूल नव्हत्या, गांधीजींवर त्यांनी टीका केली, आणि मिस मेयोच्या 1927 मधील पुस्तकाची बाजू घेतल्याने अनेक सहकारी दुरावले. सहाशे घरांचे दुःख जाणणारीला देशाची वेदना ओळखता आली नाही, ही खंत राहतेच. परंतु तेवढ्याने त्या सहाशे उंबरठ्यांवरील पाऊलखुणा पुसल्या जात नाहीत.

1921 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांना सनद दिली. 1923 च्या कायद्याने सर्वच स्त्रियांना वकिली खुली झाली. तोवर बाईंनी साठीकडे वाटचाल केली होती. कलकत्त्यास काही वर्षे काम करून 1929 मध्ये त्या निवृत्त झाल्या आणि 6 जुलै 1954 रोजी लंडनमध्ये निवर्तल्या.

पडदानशीन स्त्रीच्या सहीचा कागद पुढे करणाऱ्यानेच, तिला मजकूर समजला होता, हे सिद्ध केले पाहिजे, असा दंडक आपल्या न्यायालयांनी मानला आहे. निरक्षर स्त्रीलाही त्याचा आधार मिळतो. शिवाय 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, वकिलाची मदत विनामूल्य मिळते. हे ज्ञान लेखकाला दुसऱ्या दिवशी झाले. वाणगावच्या त्या माउलीला आणि तिच्या सुनेला घेऊन आम्ही तालुक्याच्या न्यायालयाच्या आवारात गेलो. तेथे एका तरुण वकील भगिनीने खुर्ची तिच्याजवळ ओढली, कागद ओळीओळीने वाचून समजाविला, मग घरची चौकशी केली. निकाल लागायचा तेव्हा लागेल. अंगठा उठविल्यानंतर इतक्या दिवसांनी, आपण कशाखाली तो उठविला, हे माउलीला प्रथमच कळले.