क्लूझो यांची शिक्षा आणि सुटका

चित्रपटाचे आयुष्य केवढे, या प्रश्नाचे उत्तर एके काळी सोपे होते. चित्रपटगृहावरून फलक उतरला, रिळांचे डबे वितरकाच्या गोदामात परत गेले, की तो चित्रपट संपला. ज्यांनी पाहिला त्यांच्या आठवणीत तो काही वर्षे राही, ज्यांचा चुकला त्यांचा कायमचा चुकला. ध्वनिचित्रफितीने आणि पुढे तबकडीने हा नियम मोडला. घरच्या पडद्यावर आलेला चित्रपट ग्रंथासारखा फडताळात राहू लागला. हवा तेव्हा काढावा, नीट पाहावा, शंका आली तर मागे जाऊन पुन्हा पाहावा. या बदलाचा सर्वांत मोठा लाभ ज्या दिग्दर्शकांना झाला त्यांत आँरी-जॉर्ज क्लूझो या फ्रेंच गृहस्थांचे नाव वरचे आहे. १९९९ साली त्यांचे 'भीतीचे वेतन' आणि 'ले द्याबोलीक' हे दोन थरारपट अमेरिकेतील क्रायटीरियन संस्थेने डीव्हीडीवर आणले. २००४ साली 'ल कॉर्बो', म्हणजे 'डोमकावळा', हाही त्याच मार्गाने आला. ज्या चित्रपटामुळे क्लूझो यांच्यावर चित्रपटसृष्टीचे दार जन्मभरासाठी बंद झाले होते, तोच चित्रपट आता घरोघरी पाहता येतो. काळाने केलेला हा न्याय म्हणावा की निव्वळ व्यापार, हे ठरविण्यापूर्वी त्या माणसाचे आयुष्य समजून घेणे अगत्याचे आहे.

क्लूझो यांचा जन्म २० नोव्हेंबर १९०७ रोजी पश्चिम फ्रान्समधील न्योर या गावी झाला. वडिलांचे पुस्तकांचे दुकान होते. ते बुडाले आणि कुटुंबाला ब्रेस्त बंदरात बिऱ्हाड हलवावे लागले. मुलाला आरमारात जायचे होते, पण नजर अधू निघाली. मग तो राज्यशास्त्र शिकण्यासाठी पॅरिसला गेला, लेखनाकडे वळला आणि लेखनातून चित्रपटात शिरला. १९३०च्या सुमारास बोलपट नवे होते आणि एकच कथा निरनिराळ्या भाषांत काढण्याची पद्धत होती. या कामासाठी क्लूझो बर्लिनजवळच्या बाबेल्सबर्ग चित्रनगरीत जाऊन राहिले. मुर्नाउ आणि फ्रिट्झ लांग यांची कला त्यांनी तेथे डोळे भरून पाहिली. अंधार आणि उजेड यांतून भय कसे निर्माण करावे, याचा पहिला धडा त्यांना तेथेच मिळाला. हिटलर सत्तेवर आल्यानंतर ज्यू निर्मात्यांशी असलेली मैत्री त्यांच्या आड आली आणि १९३४ साली त्यांना तेथून काढून टाकण्यात आले. पाठोपाठ क्षयाने गाठले. पुढची चार-पाच वर्षे आरोग्यधामाच्या खाटेवर गेली. आयुष्याच्या ऐन उमेदीत मृत्यूच्या शेजारी पडून राहिलेल्या या माणसाने तेथे माणसांचे बारकाईने निरीक्षण केले. त्यांच्या पुढच्या चित्रपटांतील कडवटपणाचे मूळ कोणी या खाटेत शोधले तर त्याला दोष देता येणार नाही.

ते बरे होऊन परतले तेव्हा फ्रान्सच आजारी पडला होता. १९४० साली जर्मन सैन्य पॅरिसमध्ये शिरले. जर्मनांनी तेथे फ्रेंच चित्रपट काढण्यासाठी काँतिनेंताल नावाची कंपनी स्थापली आणि आल्फ्रेड ग्रेव्हेन या जर्मन अधिकाऱ्याला तिचा प्रमुख नेमले. पैसा जर्मन, कलावंत आणि भाषा फ्रेंच, असा हा कारभार होता. क्लूझो यांच्या हाताला काम नव्हते. ते या कंपनीत दाखल झाले, पटकथा विभागाचे प्रमुख झाले आणि १९४२ साली तेथेच त्यांनी आपला पहिला मोठा चित्रपट दिग्दर्शित केला. ही त्यांच्या आयुष्यातील पहिली चूक की पहिली संधी, यावर फ्रान्समध्ये आजवर पुष्कळ शाई सांडली आहे. शत्रूच्या तिजोरीतून वेतन घेणे हे कोणत्याही काळी भूषणावह नव्हे. पण त्याच कंपनीत आणखीही बरेच नामवंत फ्रेंच कलावंत काम करीत होते, हेही विसरता येत नाही.

१९४३ साली 'ल कॉर्बो' प्रदर्शित झाला. पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्समधील त्यूल या गावी निनावी पत्रांचे एक प्रकरण गाजले होते. त्यावरून लुई शाव्हांस यांनी ही कथा रचली होती. एका लहानशा गावात कोणी अज्ञात इसम कावळ्याच्या नावाने पत्रे पाठवू लागतो. आज डॉक्टरवर आरोप, उद्या अमक्याच्या पत्नीवर, परवा आणखी कोणावर. काही आरोप खरे, काही खोटे, पण विष सर्वांत सारखेच. हळूहळू शेजारी शेजाऱ्याकडे संशयाने पाहू लागतो आणि सारे गाव सडते. एका प्रसंगात लोंबता दिवा झोके घेतो आणि माणसांच्या चेहऱ्यांवरून प्रकाश व काळोख आळीपाळीने सरकत राहतो. चांगले कोठे संपते आणि वाईट कोठे सुरू होते, हा प्रश्न एकही मोठा शब्द न वापरता त्या दिव्याने विचारला आहे.

हा चित्रपट ज्या देशात लागला तेथे त्या वेळी हजारो निनावी पत्रे खरोखरच लिहिली जात होती. कोण ज्यू आहे, कोण रेडिओवर लंडन ऐकतो, कोणी कोणाला लपविले आहे, हे शेजारीच शेजाऱ्याविरुद्ध कळवीत होते आणि जर्मन पोलिसांची त्या कागदांवर भिस्त होती. सालाझारशाहीचे खबरे ज्यांनी पाहिले किंवा वडीलधाऱ्यांकडून ऐकले, त्या आपल्या गोमंतकीय वाचकांना या भयाची फोड करून सांगण्याची गरज नाही. चुगली हे परक्या सत्तेचे सर्वांत स्वस्त हत्यार असते आणि ते चालविणारे हात बहुधा घरचेच असतात. क्लूझो यांनी नेमके तेच पडद्यावर दाखविले, आणि तेही जर्मनांच्या पैशाने.

परिणाम असा झाला की चित्रपटावर सर्व बाजूंनी टीका झाली. व्हिशी सरकारच्या पाठीराख्यांना त्यात अनीती दिसली, धर्मपीठाला पाप दिसले, तर भूमिगत प्रतिकारकांच्या पत्रांना फ्रेंच समाजाची बदनामी दिसली. १९४४ साली फ्रान्स मुक्त झाला, तेव्हा हिशेब चुकते करण्याची वेळ आली. चित्रपटावर बंदी आली. नायक पिएर फ्रेने आणि नायिका जिनेत लक्लेर यांना तुरुंग पाहावा लागला. क्लूझो यांना चित्रपटव्यवसायातून कायमचे बाहेर काढण्यात आले. झँ कॉक्तो, झँ-पॉल सार्त्र, मार्सेल कार्ने आदींनी त्यांची बाजू उचलून धरली आणि अखेरीस ही शिक्षा कमी होऊन १९४७ साली त्यांना पुन्हा कॅमेऱ्यामागे उभे राहता आले. ज्यांनी खरोखर चुगल्या लिहिल्या त्यांच्यापैकी अनेकांची नावे कोणाला कधी कळलीच नाहीत. ज्याने चुगलीचे चित्र काढले तो मात्र नावानिशी सापडला. या विसंगतीत मुक्त फ्रान्सचा संताप आणि त्याची अपराधी भावना या दोन्ही गोष्टी मिसळलेल्या आहेत.

परतलेल्या क्लूझो यांनी तक्रार केली नाही, काम केले. १९४७ सालच्या 'के दे झोर्फेव्र' या पोलिसी कथेने त्यांना व्हेनिसच्या महोत्सवात दिग्दर्शनाचे पारितोषिक मिळवून दिले. १९५० साली त्यांचा व्हेरा यांच्याशी विवाह झाला. व्हेरा या ब्राझीलच्या, रिओ दि जानेरोत जन्मलेल्या, पोर्तुगीज भाषेत वाढलेल्या आणि लेखक व मुत्सद्दी जिल्बेर्तो आमादो यांच्या कन्या. विवाहानंतर हे दांपत्य ब्राझीलला गेले. तेथे योजलेला चित्रपट पुरा झाला नाही, पण दक्षिण अमेरिकेचे उष्ण, कोंदट, दरिद्री वातावरण क्लूझो यांच्या मनात घर करून राहिले.

'भीतीचे वेतन' हा १९५३ सालचा चित्रपट त्याच वातावरणाचा आहे. जॉर्ज आर्नो यांच्या कादंबरीवर तो आधारलेला आहे. एका तेलकंपनीच्या विहिरीला आग लागते. ती विझविण्यासाठी नायट्रोग्लिसरीन हवे आणि ते खडबडीत डोंगरी रस्त्याने दोन ट्रकांतून न्यायचे. एक जोराचा धक्का बसला की सारे खलास. कंपनी आपली माणसे या कामाला लावत नाही. गावात अडकून पडलेले, परतीच्या तिकिटाला महाग झालेले चार परदेशी तिला स्वस्त मिळतात. इव्ह मोंतां आणि शार्ल व्हानेल यांनी त्यांतल्या दोघांना अजरामर केले. सारे चित्रीकरण मात्र झाले दक्षिण फ्रान्समध्ये. पावसाने इतका छळ केला की ते अर्ध्यावर थांबवून पुढच्या वर्षी पुरे करावे लागले. कान येथील सर्वोच्च पारितोषिक आणि बर्लिनचे सुवर्ण अस्वल, हे दोन्ही मान या चित्रपटाला एकाच वर्षी मिळाले. अमेरिकेत मात्र तो मोठी काटछाट करून दाखविण्यात आला, कारण तेलकंपनीचे त्यातील चित्र तेथे अनेकांना झोंबले. अमेरिकी प्रेक्षकांना संपूर्ण चित्रपट पाहायला मिळण्यास जवळजवळ चार दशके लागली.

त्यानंतर १९५५ साली 'ले द्याबोलीक' आला. बोआलो आणि नार्सजाक या लेखकद्वयाच्या कादंबरीचे हक्क क्लूझो यांनी आधी मिळविले आणि त्या कथेवर डोळा असलेल्या आल्फ्रेड हिचकॉक यांना मागे राहावे लागले. मुलांच्या शाळेचा निर्दय मुख्याध्यापक, त्याची हृदयविकाराने दुबळी झालेली पत्नी आणि त्याची प्रेयसी. दोन्ही स्त्रिया मिळून त्याला संपवितात, आणि मग प्रेतच नाहीसे होते. पुढचे सांगणे योग्य नव्हे. चित्रपट संपताना दिग्दर्शकाने प्रेक्षकांना अशीच विनंती पडद्यावरून केली आहे. पत्नीची भूमिका व्हेरा यांनी आणि प्रेयसीची सिमोन सिन्योरे यांनी केली. हिचकॉक यांनी पुढे त्याच लेखकांची दुसरी कादंबरी घेऊन १९५८ साली 'व्हर्टिगो' काढला, आणि १९६० सालच्या 'सायको'वर क्लूझो यांची छाया समीक्षकांनी दाखवून दिली आहे. १९५६ साली क्लूझो यांनी पिकासो चित्र काढीत असतानाचा अनुबोधपट केला. रहस्याच्या या कारागिराला निर्मितीचेही रहस्य खुणावत होते.

पडद्यावरील दुबळ्या हृदयाची नियती घरीही आली. डिसेंबर १९६० मध्ये व्हेरा हृदयविकाराने वारल्या. त्या वेळी त्यांचे वय पन्नाशीच्या आतच होते. त्याच वर्षी ब्रिजित बार्दो यांना घेऊन केलेला 'ला व्हेरिते' यशस्वी ठरला होता, पण क्लूझो खचले. ते नटांशी फार कठोर वागत, प्रसंगी थप्पड मारण्यापर्यंत मजल जाई, अशा कथा नटांनीच सांगितल्या आहेत. त्या झाकून ठेवण्याचे कारण नाही. नव्या लाटेच्या तरुण समीक्षकांनी त्यांना जुनाट ठरविले. १९६४ साली रोमी श्नायडर यांना घेऊन 'लांफेर', म्हणजे 'नरक', सुरू झाला. नायकाचे काम करणारे रेजियानी आजारी पडून निघून गेले, मग क्लूझो यांनाच हृदयविकाराचा झटका आला आणि काम बंद पडले. १९६८ साली एक शेवटचा चित्रपट झाला. १२ जानेवारी १९७७ रोजी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. माँमार्त्रच्या दफनभूमीत ते व्हेरा यांच्या शेजारी विसावले आहेत. 'नरक'ची अर्धवट रिळे सुमारे चार दशके डब्यांत पडून होती. त्यांतून २००९ साली सर्ज ब्रोम्बेर्ग यांनी एक अनुबोधपट घडविला आणि अपुऱ्या राहिलेल्या चित्रपटालाही प्रेक्षक लाभले.

या आयुष्याचा निवाडा सोपा नाही. शत्रूच्या कंपनीत त्यांनी नोकरी केली, हा डाग तबकडीवरील चकचकीत प्रतीने पुसला जात नाही आणि पुसला जाऊही नये. परंतु १९४५च्या निवाड्यात माणूस आणि कृती यांची गल्लत झाली होती. नोकरीबद्दल जाब विचारणे रास्त होते, चित्रपटाला देशद्रोही ठरविणे रास्त नव्हते. हा फरक आज कोणालाही स्वतःच्या डोळ्यांनी पडताळता येतो, कारण पुरावा शिल्लक आहे. 'ल कॉर्बो'च्या प्रती त्या संतापात जाळल्या गेल्या असत्या, तर शिक्षा देणाऱ्यांचेच म्हणणे इतिहास झाले असते. 'भीतीचे वेतन'ची कापलेली प्रत तेवढी उरली असती, तर कात्रीचे म्हणणे दिग्दर्शकाच्या नावावर चढले असते. घरगुती पडद्यावर आलेला संपूर्ण चित्रपट हा म्हणूनच केवळ करमणुकीचा माल नसतो. तो पुन्हा उघडता येणारा खटला असतो.

आपल्याकडे असे किती खटले पुन्हा उघडता येतील? दादासाहेब फाळके यांच्या १९१३ सालच्या 'राजा हरिश्चंद्र'चा काही भागच आपल्या हाती राहिला आहे. १९३१ सालच्या 'आलम आरा' या पहिल्या हिंदी बोलपटाची एकही प्रत उपलब्ध नाही. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन होण्यास १९६४ साल उजाडले, तोवर कितीतरी रिळे भंगारात गेली, चांदीसाठी वितळविली गेली. जे चित्रपट नाहीसे झाले त्यांच्याविषयी आपण जे काही बोलतो ते ऐकीव आहे. स्तुती ऐकीव आणि निंदाही ऐकीव. फ्रेंचांनी आपल्या एका वादग्रस्त, कडू आणि सदोष माणसाचे काम सांभाळून ठेवले आणि पुढच्या पिढ्यांच्या हाती न्यायनिवाड्याचा अधिकार दिला. आपल्या भाषांतील चित्रपटांची उरलीसुरली रिळे ज्या कपाटांत, ज्या तळघरांत आज पडली असतील, तेथील दमट हवा आणि वाळवी कोणाच्या निवाड्यासाठी थांबणार नाही.