भुंगेऱ्यांचा नामकर्ता : हेन्री वॉल्टर बेट्स

माझे आजोळ बडोद्याचे, नागरवाड्यातले. सातवीत असताना उन्हाळ्याच्या सुट्टीअखेर, पहिला पाऊस पडून गेल्यावर, रात्री दिव्याच्या उजेडाला एक भलामोठा भुंगेरा येऊन आपटला. अंग करडे, पाठीच्या पुढच्या भागावर दोन नारिंगी ठिपके आणि मिशा अंगाहून लांब. हातात धरताच तो चक्क कुरकुरू लागला! असा जीव कुणीच पाहिला नसणार या खात्रीने मी तो चहाच्या डब्यात घातला आणि त्याला स्वतःचे नाव देऊन मोकळा झालो. मामा मला ओळखीच्या एका प्राध्यापकांकडे घेऊन गेले. हा आंब्याचे खोड पोखरणारा भिरूड असून डी गीर या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७७५ सालीच त्याचे वर्णन केले आहे, असे ते म्हणाले. मी हिरमुसलो. तेव्हा त्यांनी मला बेट्सची हकीकत ऐकवली.

हेन्री वॉल्टर बेट्सचा जन्म ८ फेब्रुवारी १८२५ रोजी इंग्लंडमधील लेस्टर येथे झाला. तेराव्या वर्षी शाळा सुटली आणि तो मोज्यांच्या एका व्यापाऱ्याकडे उमेदवारीस लागला. दिवसाचे तेरा तास वखारीत, आणि रात्री कामगारांच्या संस्थेत लॅटिन, ग्रीक! उरल्यासुरल्या वेळात गावाबाहेर भुंगेरे गोळा करायचे. लेस्टरमध्ये शिक्षक म्हणून आलेल्या वॉलेसला त्याचा संग्रह पाहून नवल वाटले. एका गावाभोवती भुंगेऱ्यांच्या शेकडो जाती असतात हे त्याच्या गावीही नव्हते. पुढे उत्क्रांतीच्या इतिहासात डार्विनबरोबर नाव घेतले जाते तोच हा वॉलेस.

१८४८ साली दोघे मित्र अॅमेझॉनच्या मुखाशी उतरले. प्रवासखर्च नमुने विकून भागवायचा होता. वॉलेस १८५२ मध्ये परतला. वाटेत जहाजाला आग लागून त्याचा मोठा संग्रह जळाला. बेट्स मात्र अकरा वर्षे राहिला. त्याला पीतज्वर झाला. एकदा तर वर्षभर घरून ना पत्र, ना पैसा. कपड्यांच्या चिंध्या झाल्या, पाय अनवाणी, त्यात नोकर पळाला आणि बहुतेक पैसेही चोरीला गेले. तरीही एकट्या एगा गावाच्या परिसरात त्याला कीटकांच्या सात हजारांवर जाती मिळाल्या. १८५९ साली परतला तेव्हा त्याच्या हिशेबी एकूण १४,७१२ जाती जमा होत्या, आणि त्यांपैकी सुमारे ८,००० विज्ञानाला अपरिचित.

बिनविषारी फुलपाखरे बेचव फुलपाखरांचे सोंग घेऊन पक्ष्यांपासून बचावतात, हा त्याचा १८६२ चा सिद्धांत आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. १८६३ चा अॅमेझॉनवरील ग्रंथही गाजला. पण मला मोठे वाटते ते १८६१ ते १८६६ या काळात क्रमशः छापलेले त्याचे काम : अॅमेझॉन खोऱ्यातील लांब मिशांच्या भुंगेऱ्यांची वर्णने. नवी जात सापडणे सोपे, ती नवी आहे हे ठरवणे कठीण! मिशांच्या पेरांची लांबी, पाठीवरचे काटे, पंखकवचांची टोके, मांड्यांचा फुगवटा हे सारे भिंगाखाली पाहायचे, आधी वर्णिलेल्या प्रत्येक जवळच्या जातीशी ताडायचे आणि मग लॅटिनमध्ये मोजक्या शब्दांत लिहायचे. नाव सर्वांत शेवटी. मी नेमके उलटे केले होते.

त्याने ब्रिटिश म्युझियममध्ये जागेसाठी अर्ज केला, ती मिळाली नाही. ती एका कवीला मिळाली असे सांगतात. खुद्द त्या कवीला कीटकांत कितपत रस होता, देव जाणे. १८६४ पासून बेट्स रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीत सहायक चिटणीस झाला. दिवसा कचेरी, रात्री भुंगेरे, असे अठ्ठावीस वर्षे चालले. १८८१ मध्ये तो रॉयल सोसायटीचा फेलो झाला. १६ फेब्रुवारी १८९२ रोजी वारला तोही त्याच नोकरीत.

त्याचे लांब मिशांचे भुंगेरे फ्रान्समधील ओबेर्थ्युर या संग्राहकाकडे गेले आणि पुढे पॅरिसच्या राष्ट्रीय संग्रहालयात पोहोचले. दक्षिण अमेरिकेतला असा एखादा भुंगेरा नवा म्हणायचा, तर आजही त्या पेट्यांतील नमुन्यांशी ताडून पाहावा लागतो. प्रत्येक नमुन्याला स्थळाची चिठ्ठी हवी, हेही प्राध्यापकांनी मला बजावले होते. मी परत येऊन चिठ्ठी लिहिली खरी. पण तोवर चहाच्या डब्यात मुंग्या शिरल्या होत्या.