लूसी विल्स

लूसी विल्स (जन्म : सटन कोल्डफील्ड, इंग्लंड, १० मे १८८८, मृत्यू : १६ एप्रिल १९६४) या इंग्लिश रक्तविकारतज्ज्ञ होत्या. गर्भवती स्त्रियांच्या एका घातक रक्तक्षयावर त्यांनी मुंबईत उपाय शोधला. त्यातूनच पुढे फॉलिक आम्ल या जीवनसत्त्वाचा शोध लागला.

शिक्षण

केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात त्यांनी वनस्पतिशास्त्र व भूशास्त्राचा अभ्यास केला आणि १९११ साली परीक्षा दिली. त्या काळी केंब्रिज विद्यापीठ स्त्रियांना पदवी देत नसे. पहिल्या महायुद्धाच्या प्रारंभी त्या दक्षिण आफ्रिकेत होत्या. परतल्यावर त्यांनी स्त्रियांसाठीच्या लंडनमधील वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला व १९२० साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्या डॉक्टर झाल्या. रुग्णसेवेपेक्षा संशोधनाकडे त्यांचा ओढा होता.

मुंबईतील संशोधन

मुंबईच्या कापडगिरण्यांत काम करणाऱ्या गरीब गर्भवती स्त्रियांमध्ये तीव्र रक्तक्षय मोठ्या प्रमाणावर आढळत होता. त्यात रक्तातील तांबड्या पेशी संख्येने घटत, पण आकाराने वाढत. अनेक स्त्रिया त्याने दगावत. डॉ. मार्गारेट बाल्फोर यांच्या निमंत्रणावरून विल्स १९२८ साली भारतात आल्या आणि परळच्या हाफकिन संस्थेत काम करू लागल्या. कुन्नूर व मद्रास येथेही त्यांनी काही काळ संशोधन केले.

हा रोग जंतुसंसर्गाने होत नसून निकृष्ट आहारामुळे होतो, असे त्यांना दिसून आले. या स्त्रियांच्या आहारासारखे अन्न त्यांनी प्रथम उंदरांना दिले. मात्र उंदरांच्या रक्तक्षयात उवांमार्फत पसरणाऱ्या जंतूंचाही हात असल्याने ते निष्कर्ष संशयास्पद ठरले. त्यानंतर माकडांवर प्रयोग करण्यात आले. मार्माइट या यीस्टच्या स्वस्त अर्काने माकडांचा रक्तक्षय बरा झाला आणि रुग्ण स्त्रियांनाही गुण आला. १९३१ साली त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

घातक रक्तक्षयावर गुणकारी ठरलेला यकृताचा शुद्ध अर्क या स्त्रियांना मात्र लागू पडत नसे. अशुद्ध अर्क लागू पडे. त्यावरून येथे एखादे वेगळेच द्रव्य कार्य करीत असावे, असे अनुमान निघाले. या अज्ञात द्रव्याला ‘विल्स घटक’ असे नाव पडले.

फॉलिक आम्ल

१९४१ साली पालकाच्या पानांतून फॉलिक आम्ल वेगळे करण्यात आले. १९४५ साली अमेरिकेतील लेडर्ले प्रयोगशाळेत ते कृत्रिमरीत्या तयार झाले. तेथील संशोधनाचे प्रमुख यल्लाप्रगडा सुब्बाराव हे भारतीय शास्त्रज्ञ होते. नव्या पेशी तयार होताना डीएनएच्या निर्मितीसाठी हे आम्ल आवश्यक असते. म्हणूनच गर्भावस्थेत त्याची गरज वाढते.

उत्तरायुष्य व वारसा

विल्स १९४७ साली लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयातील विकृतिशास्त्र विभागाच्या प्रमुखपदावरून निवृत्त झाल्या. पुढे त्या चेल्सी येथे मजूर पक्षाच्या नगरसेविका होत्या. त्या अविवाहित राहिल्या.

गर्भधारणेपूर्वीपासून फॉलिक आम्ल घेतल्यास अर्भकाच्या मज्जानलिकेतील अनेक जन्मजात दोष टळतात, हे १९९१ साली एका मोठ्या चाचणीत सिद्ध झाले. अमेरिकेत १९९८ पासून धान्यपदार्थांत ते मिसळणे बंधनकारक आहे. भारतातील २०१८ च्या नियमांनुसार पोषणवर्धित गव्हाच्या पिठात दर किलोमागे ७५ ते १२५ मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असावे लागते. गर्भवतींना सरकारी आरोग्य केंद्रांतून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्यांतही त्याचा समावेश असतो.