मराठीचे पाणिनी आणि इंग्रजीतला 'हू'

राळेगणसिद्धी ज्या अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यात आहे, तिथे एका व्याकरणकाराने डेप्युटी कलेक्टरी केली, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. ते दादोबा पांडुरंग तर्खडकर. त्यांचा जन्म मुंबईत, १८१४ सालचा. अवघ्या बाविसाव्या वर्षी, १८३६ साली, त्यांनी मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले. ढाचा लिंडले मरेच्या इंग्रजी व्याकरणाचा, भाषा मात्र आपली. पुढे सुरतेला अध्यापन, १८४९ मध्ये जातिभेदाविरुद्ध परमहंस सभा, १८५२ मध्ये नगरची नेमणूक. १८८२ साली ते गेले.

बँकेत इंग्रजी करारपत्रे वाचताना मला दादोबा आठवत. 'द गॅरंटर ऑफ द बॉरोअर हू लिव्ह्ज इन राळेगण' या वाक्यात राळेगणला राहतो कोण? जामीनदार की कर्जदार? नोटीस कुणाच्या दारी जायची, ते यावर ठरणार! मराठीत 'जो कर्जदार राळेगणला राहतो, त्याचा जामीनदार' म्हटले की शंका मिटते. तसेच उपपदांचे. 'ए गॅरंटर' म्हणजे कुणीही एक जामीनदार. 'द गॅरंटर' म्हणजे तो, ठरलेला. आपले 'एक' आणि 'तो' हेच काम गरजेपुरते करतात.

मुलांना इंग्रजी जरूर शिकवा. पण आधी मराठीतला 'जो' आणि 'तो' पक्का करून घ्या. दादोबांनी मराठीला व्याकरण दिले, ते कपाटात ठेवायला नव्हे.