पंडित भातखंडे यांची मुंबई

आपल्यापैकी प्रत्येकाचे कोणी ना कोणी मुंबईत असते. मामा असतो, सासर असते, निदान लेक नोकरीला असते. रात्रीच्या गाडीने बडोदे सोडायचे, सकाळी मुंबई सेंट्रलला उतरायचे आणि दोन दिवसांत गेटवे, महालक्ष्मी, सिद्धिविनायक, राणीचा बाग उरकून परतायचे, ही आपली वर्षानुवर्षांची रीत. यंदाच्या अंकात आम्ही वाचकांपुढे त्याच शहरातली एक वेगळी वाट ठेवीत आहोत. ही वाट एका माणसाच्या आयुष्यावरून जाते. त्या माणसाचे आपल्या घराघरांवर ऋण आहे आणि त्याच्या कामाला आपल्या बडोद्यानेही हात दिलेला आहे. ते म्हणजे पंडित विष्णु नारायण भातखंडे.

वाट सुरू होते मलबार टेकडीच्या टोकाला, वाळकेश्वरी. तीन बत्तीवरून खाली उतरले की बाणगंगेचा तलाव लागतो. चारी बाजूंना दगडी पायऱ्या, भोवती देवळे, आणि समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही पाणी गोडे. सीतेच्या शोधात निघालेल्या रामाने इथे वाळूचे शिवलिंग केले आणि बाण मारून पाणी काढले, अशी आख्यायिका आहे. या परिसरात १० ऑगस्ट १८६० रोजी, गोकुळाष्टमीच्या दिवशी, विष्णुपंतांचा जन्म झाला. घराणे मूळचे कोकणातले, परिस्थिती बेताची. घरात गाण्याची आवड होती, पण पेशा नव्हता. मुलगा लहानपणी बासरी वाजवू लागला आणि पुढे वल्लभदास दामुलजी यांच्याकडे सतार शिकला. बाणगंगेच्या या पायऱ्यांवर अलीकडे संगीत महोत्सव भरत आले आहेत. तिथे बसून गाणे ऐकणाऱ्या किती जणांना या जन्मस्थळाची आठवण होत असेल, कोण जाणे!

इथे थोडे थांबून त्या काळच्या मुंबईकडे पाहिले पाहिजे. ग्वाल्हेर, बडोदे, जयपूर, रामपूर इथे दरबार होते. मुंबईत दरबार नव्हता, बंदर होते. लखनौ आणि दिल्लीचे तख्त गेल्यावर गवयी आश्रय शोधीत निघाले. कापसाच्या व्यापाराने मुंबईत पैसा आला होता, आगगाडी सुरू झाली होती. भाटिया आणि पारशी शेठजींच्या घरी बैठकी होऊ लागल्या. गोव्याहून गुणी गायिका आल्या. मुरादाबादकडचे छज्जू खाँ, नझीर खाँ आणि खादिम हुसेन खाँ हे बंधू येऊन राहिले आणि त्यांच्या गायकीला त्या मोहल्ल्याचेच नाव पडले, भेंडीबाजार घराणे. आज त्या गर्दीतून जाताना दुकानांच्या पाट्यांखेरीज काही दिसत नाही, पण एका बाजारपेठेचे नाव घराण्याला मिळावे, हे मुंबईतच घडू शकते. राजाच्या मर्जीशिवाय नाना प्रांतांचे गाणे एका ठिकाणी ऐकायला मिळेल, असे ते गाव होते. विष्णुपंतांचे सारे काम याच मातीत रुजले.

पुढचा टप्पा फोर्टातला. ओव्हल मैदानासमोर राजाबाई टॉवर आणि त्याशेजारी हायकोर्ट, दोन्ही इमारती १८७८ साली पुऱ्या झालेल्या. मुंबई विद्यापीठातून विष्णुपंत १८८५ साली पदवीधर झाले आणि १८८७ साली त्यांनी कायद्याची पदवी घेतली. ते ज्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले त्याची काळा घोड्याजवळची सुंदर इमारत आपण पाहतो, मात्र त्यांच्या विद्यार्थिदशेत कॉलेज भायखळ्याला होते. राजाबाई टॉवरच्या घंटा त्या काळी ठरावीक वेळी इंग्रजी गाण्यांचे सूर वाजवीत. त्यांच्या छायेत वावरणारा हा तरुण वकील संध्याकाळी ध्रुपदे पाठ करायला जाई. काही काळ त्यांनी कराचीलाही वकिली केली आणि मग ते मुंबईला परतले.

ते संध्याकाळी जात ते ठिकाण म्हणजे गायन उत्तेजक मंडळी. कैखुश्रू काबराजी यांच्या पुढाकाराने पारशी मंडळींनी १८७० साली ही संस्था काढली होती. विष्णुपंत १८८४ साली तिचे सभासद झाले. रावजीबुवा बेलबागकर यांच्याकडून त्यांनी शेकडो ध्रुपदे घेतली. अली हुसेन खाँ आणि विलायत हुसेन खाँ यांच्याकडून ख्याल घेतले. एक चित्पावन वकील, पारशी संस्था आणि मुसलमान उस्ताद! या शिक्षणातच त्यांना एक प्रश्न सतावू लागला. एकच राग दोन गुणीजन दोन तऱ्हांनी गात, आणि का असे विचारले तर आमच्या घराण्यात असेच आहे, यापलीकडे उत्तर मिळत नसे. जुने संस्कृत ग्रंथ काढावेत, तर त्यांतले राग आणि प्रत्यक्ष कानी पडणारे राग यांचा मेळ बसत नसे.

१९०० साली पत्नी गेली. १९०३ साली एकुलती लेक गेली. घर रिकामे झाले. विष्णुपंतांनी पुढे वकिली सोडली आणि उरलेले आयुष्य त्या प्रश्नाला देऊन टाकले. १९०४ साली ते दक्षिणेत गेले, १९०७ साली कलकत्त्याकडे आणि १९०८ साली उत्तरेत. वाचनालये धुंडाळली, पोथ्या उतरवून घेतल्या, पंडितांशी आणि उस्तादांशी वाद घातले. दक्षिणेत व्यंकटमखीची ७२ मेळांची व्यवस्था त्यांनी पाहिली आणि त्या धर्तीवर उत्तरेच्या रागांसाठी बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी आणि तोडी असे १० थाट लावले. चतुर पंडित या नावाने संस्कृत ग्रंथ लिहिला, आणि मग त्याचे विवरण गुरुशिष्यांच्या संवादातून, चार भागांत, आपल्या मराठीत केले. हिंदुस्थानी संगीताचा हा मोठा विचारग्रंथ मुळात मराठी आहे, याचा आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसांना विशेष अभिमान वाटावा.

चिजा मिळवणे मात्र सोपे नव्हते. खानदानी चीज म्हणजे उस्तादांची जमीनजुमला. काही घराण्यांत ती लेकीला आंदण म्हणून दिली जाई. ती छापून आठ-बारा आण्यांना विकायची, ही कल्पना अनेकांना सहन होणे शक्य नव्हते. आम्हाला त्यांचा राग समजतो. पोटाचा प्रश्न होता. पण दुसरी बाजूही तितकीच खरी होती. वारस नसलेला उस्ताद गेला की त्याच्याबरोबर चिजाही जात. विष्णुपंतांनी आर्जवे केली, गंडा बांधून घेतला, मानधन दिले. जयपूरच्या महंमद अली खाँच्या घराण्यातल्या चिजा त्यांनी मिळवल्या. रामपूरला नबाब हमीद अली खाँचे शिष्यत्व पत्करले. त्यातून क्रमिक पुस्तकमालिकेचे सहा भाग झाले, त्यांत सुमारे १८०० चिजा. लिपी साधी ठेवली. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी, मंद्राला खाली टिंब, तारसप्तकाला वर. समेला फुली, खालीला शून्य. शाळकरी मुलीलाही आठवड्यात वाचता यावी अशी.

हे काम शहरांशहरांत नेले पाहिजे, हे त्यांना कळत होते, आणि इथे बडोदे पुढे आले. मौलाबक्ष यांनी १८८६ साली आपल्याकडे संगीतशाळा सुरू केलेली होतीच. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मार्च १९१६ मध्ये पहिली अखिल भारतीय संगीत परिषद बडोद्यात भरली. विष्णुपंतांनी उत्तर हिंदुस्थानी संगीताच्या इतिहासावर व्याख्यान दिले. देवल आणि क्लेमंट्स यांच्या श्रुति-हार्मोनियमवरून जोरदार खडाजंगी झाली. पंडित आणि खाँसाहेब एका मांडवात बसून रागांची चर्चा करीत आहेत, हे दृश्य तोवर कोणी पाहिले नव्हते. दोन वर्षांत, १९१८ साली, माधवराव शिंदे यांनी ग्वाल्हेरला माधव संगीत विद्यालय काढले. त्यासाठी राजाभैया पूंछवाले यांच्यासारखे गवयी विष्णुपंतांकडे शिकून आले. १९२६ साली लखनौचे मॅरिस कॉलेज सुरू झाले, जे आज त्यांच्या नावाचे विद्यापीठ आहे.

पुस्तकाने गवई होत नाही, असा आक्षेप त्यांच्यावर आजही घेतला जातो. त्याचे उत्तर आपल्याच गावात आहे. विष्णुपंतांचे पट्टशिष्य श्रीकृष्ण रातंजनकर हे बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर आफताब-ए-मौसिकी फैयाज खाँसाहेबांचे गंडाबंध शागीर्द झाले आणि पुढे मॅरिस कॉलेजचे प्राचार्य. कागदावर चीज टिकते आणि गळ्यात ती उस्तादाकडूनच उतरते. या दोन्ही गोष्टी एकाच शिष्यात एकत्र आलेल्या विष्णुपंतांनी डोळ्यांनी पाहिल्या.

१९३३ साली अर्धांगाचा झटका आला आणि ते अंथरुणाला खिळले. पुस्तकमालिकेचे शेवटचे भाग छापून झालेले त्यांना पाहता आले नाहीत. ते रातंजनकरांनी पुरे केले. १९ सप्टेंबर १९३६ रोजी मुंबईतच त्यांचा अंत झाला. तो दिवस गणेश चतुर्थीचा होता.

आपल्या मांडवात दरवर्षी शाळकरी मुलेमुली भूप, दुर्गा, यमन गातात. त्यांचे आईवडील बँकेत, शाळेत, कारखान्यात नोकरी करतात. घरात पिढीजात गाणे नाही. त्यांना कोणत्या घराण्याचे म्हणून कोणी विचारीत नाही. बहुतेकांच्या पिशवीत क्रमिक पुस्तकाचा पहिला भाग असतो. तेव्हा पुढच्या खेपेला मुंबईला गेलात, तर एक सकाळ मोकळी ठेवा आणि मुलांना वाळकेश्वरी न्या. आणि तोवर सूरसागराच्या काठावरून जाताना आपल्या संगीतशाळेच्या खिडकीशी क्षणभर उभे राहा. तिथून जे ऐकू येते, त्याची वाट बाणगंगेवरूनही आलेली आहे.