बहुजनांच्या मुलींसाठी झटलेली माउली : जाईबाई चौधरी



स्टेशनावर ओझे वाहणे म्हणजे काय, हे आपल्या मूर्तिजापूरच्या वस्त्यांना सांगायला नको. यवतमाळ-अचलपूरची शकुंतला गाडी धावत होती तेव्हा कपाशीच्या गाठी चढविणाऱ्या हातांत आपल्या बापजाद्यांचेही हात होते. आज ज्या माउलीचे चरित्र आपणापुढे ठेवायचे आहे, तिनेही नागपूर-कामठीच्या वाटेवर डोक्यावर ओझी वाहिली. पुढे तिने नागपुरात मुलींची शाळा काढली. तिचे नाव जाईबाई चौधरी.

जाईबाईंचा जन्म १८९२ साली नागपूर जिल्ह्यातील उमरेड येथे एका महार कुटुंबात झाला. त्या चार वर्षांच्या असतील नसतील तोच १८९६ चा दुष्काळ आला. आपल्या वऱ्हाडातील जुनी माणसे त्या दुष्काळाची आठवण कित्येक वर्षे काढीत असत. गावात दाणा उरला नाही तेव्हा हे कुटुंब नागपूरला आले. १९०१ साली, वयाच्या नवव्या वर्षी, जाईबाईंचे लग्न बापूजी चौधरी यांच्याशी झाले. त्या काळात मुलीचे आयुष्य तेथेच ठरून जाई. नवऱ्याचे घर, मोलमजुरी आणि लेकरे.

पोटासाठी त्या हमाली करू लागल्या. नागपूर आणि कामठी यांच्यामध्ये नऊ-दहा मैलांचे अंतर आहे. तेवढे अंतर एक बाईमाणूस डोक्यावर दुसऱ्याचे सामान घेऊन चालत असे. याच सुमारास त्यांच्यावर ग्रेगरी नावाच्या ख्रिस्ती मिशनरी बाईंची नजर गेली. ग्रेगरीबाई वेगळ्या धर्माच्या आणि वेगळ्या समाजाच्या होत्या. जाईबाईंना अक्षरओळख आहे, ही बाई मुले शिकवू शकेल, एवढे त्यांनी ओळखले आणि मिशनच्या शाळेत शिक्षिकेची नोकरी दिली. पगार महिना चार रुपये. पगार थोडा होता, पण डोक्यावरचे ओझे उतरून हातात पुस्तक आले होते.

हे फार दिवस टिकले नाही. शाळेत शिकविणारी बाई महार आहे, असे मुलांच्या स्पृश्य आईबापांना कळले आणि त्यांनी शाळेवर बहिष्कार घातला. जाईबाईंना नोकरी सोडावी लागली. वाचकहो, येथे थोडे थांबून विचार करा. मिशनची शाळा, मिशनचा पैसा, मिशनचेच पुस्तक, हे सारे त्या आईबापांना चालत होते. ज्या गोऱ्या लोकांना ते म्लेंच्छ म्हणत, त्यांच्या शाळेत मुले घालताना त्यांचा धर्म बुडत नव्हता. तोच पाठ, तीच बाराखडी आपल्या बाईच्या तोंडून आली की मात्र धर्म बुडाला. बाईंना शिकविता येत नाही, अशी तक्रार नव्हतीच. तक्रार होती ती त्यांच्या जन्माबद्दल. आणि अधिकार हाती असूनही मिशन त्या बहिष्कारापुढे टिकले नाही, हेही नमूद केले पाहिजे. ग्रेगरीबाईंचे उपकार विसरू नयेत, पण एवढ्याने भागत नाही, हे जाईबाईंना तेथे कळून चुकले असावे.

असेच काही सातासमुद्रापलीकडे, अमेरिकेत, जाईबाईंच्या जन्माआधी साठ वर्षे घडले होते. अमेरिकेची गोष्ट काढली म्हणून मी विषय सोडला असे समजू नका. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक काळ्या लोकांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांनाच अर्पण केले आहे. तर त्या देशात कनेक्टिकट राज्यातील कँटरबरी या गावी प्रुडन्स क्रँडल या गोऱ्या बाईंची मुलींची शाळा होती. १८३२ साली त्यांनी सारा हॅरिस या काळ्या मुलीला शाळेत घेतले. शिकून आपल्याच लोकांच्या मुलांना शिकवावे, एवढीच त्या मुलीची इच्छा होती. गोऱ्या आईबापांनी आपल्या मुली काढून नेल्या. क्रँडलबाईंनी माघार घेतली नाही. १८३३ च्या एप्रिलमध्ये त्यांनी शाळा फक्त काळ्या मुलींसाठी उघडली. तेव्हा राज्याने त्याविरुद्ध कायदा केला, बाईंना एक रात्र तुरुंगात काढावी लागली, दुकानदार सामान देईनासे झाले आणि शाळेच्या विहिरीत घाण टाकण्यात आली. पाण्याची अडवणूक म्हणजे काय हे महाडच्या वारसदारांना कळायला उशीर लागू नये. शेवटी १८३४ च्या सप्टेंबरात जमावाने शाळेवर हल्ला करून खिडक्या फोडल्या आणि शाळा बंद पडली. तो कायदा १८३८ साली रद्द झाला, पण त्या मुलींची शाळा गेली ती गेलीच.

आता नागपूरला परत येऊ. जाईबाईंनी १९२२ साली नागपुरात संत चोखामेळा कन्याशाळा काढली. अस्पृश्य मुलींसाठी, अस्पृश्य बाईने. येथून कोणी जात विचारून बाईला काढू शकणार नव्हते. आपल्यातील किसन फागुजी बनसोडे यांनीही मुलींच्या शिक्षणाचा प्रयत्न नागपुरात १९०७ पासूनच चालविला होता. तेव्हा वाट अगदीच नवी नव्हती. पण ज्या बाईला शाळेतून उठविले गेले, तिनेच शाळा उभारावी, हे मला फार मोठे वाटते. शाळेला चोखामेळ्याचे नाव का, असे आपल्या तरुण बौद्ध वाचकांना वाटेल. ते साल १९२२ आहे हे ध्यानात घ्या. बाबासाहेबांनी येवल्याला धर्मांतराची घोषणा केली ती १९३५ साली. त्याआधी आपल्या लोकांना स्वतःचा म्हणून हाच एक संत माहीत होता. जुन्या नावाकडे पाहून जुन्या कामाला नावे ठेवू नयेत.

शाळा म्हटले की इमारत डोळ्यांपुढे येते. अशा शाळांचे खरे काम मात्र घरोघर जाऊन चाले. मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळते, गोवऱ्या थापते, आईबरोबर निंदणाला जाते. तिला शाळेत पाठविले तर घरातला एक हात कमी होतो. ज्यांनी वस्तीत मुली गोळा करण्याचे काम केले आहे त्यांना हे ठाऊक आहे. आजही आपल्या कित्येक घरांत दहावी झाली की मुलीसाठी स्थळे पाहू लागतात आणि मुलगा नापास झाला तरी त्याला पुन्हा बसवितात. रागावू नका, पण हे आपणच करतो. त्याला कोणी सवर्ण जबाबदार नाही.

शाळा काढली म्हणजे अपमान संपले, असेही झाले नाही. १९३७ च्या डिसेंबरात नागपूरला अखिल भारतीय महिला परिषदेचे अधिवेशन भरले. देशभरातील शिकलेल्या, सुधारक म्हणविणाऱ्या स्त्रिया जमल्या होत्या. जाईबाईही गेल्या होत्या. भाषणात सगळ्या भगिनी होत्या. जेवणाची वेळ आली तेव्हा मात्र जाईबाईंना आणि त्यांच्याबरोबरच्या स्त्रियांना बाजूला वेगळे बसविले. चार रुपयांची नोकरी अडाणी आईबापांमुळे गेली असे म्हणून मनाची समजूत घालता येत होती. येथे तर पदवीधर बायका होत्या! शिक्षणाने माणूस शहाणा होतो असे आपण मुलांना सांगतो. कोणते शिक्षण, हेही सांगावे लागते. जाईबाई गप्प बसल्या नाहीत. १९३८ च्या पहिल्याच दिवशी नागपुरात आपल्या स्त्रियांची निषेध सभा झाली आणि स्त्रियांनी आपली वेगळी संघटना उभारण्याचा विचार पुढे आला.

त्याचे फळ चार वर्षांनी दिसले. १९४२ च्या जुलैमध्ये बाबासाहेबांच्या उपस्थितीत नागपूरलाच दलित वर्गाच्या महिलांची परिषद भरली. हजारो स्त्रिया आल्या होत्या. अध्यक्षस्थानी होत्या सुलोचनाबाई डोंगरे, आपल्या अमरावतीच्या. स्त्रियांना घटस्फोटाचा हक्क असावा, एका पुरुषाने अनेक बायका करू नयेत, मुलींसाठी वसतिगृहे काढावीत, असे ठराव त्या स्त्रियांनी केले. या परिषदेत जेवायला कोणाला वेगळे बसवावे लागले नाही.

नागपुरात आजही जाईबाईंच्या नावाने जाईबाई चौधरी ज्ञानपीठ ही शिक्षणसंस्था ओळखली जाते. दीक्षाभूमीला जाल तेव्हा मुलींना बरोबर न्या आणि या बाईंची हकिगत त्यांना वाटेतच सांगा. आपली गाडी मूर्तिजापूरहून निघाली की नागपूर येईपर्यंत पुष्कळ वेळ मिळतो.